घोंगड्याची राखण

आमच्या कुत्र्याला नाव नाही. कुणी नवखं माणूस दारात आलं की विचारतं, मावशी, नाव काय ह्याचं? मी म्हणते, आमच्या मालकांना विचारा. मग ते माणूस इकडंतिकडं बघतं, मालक कुठं दिसतात का म्हणून. मालक दिसायचे नाहीत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

मी अशीच तिरकी बोलते, पहिल्यापासून. सासू म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्मायचाय. आता कुणी न घालताच कुलूप लागलंय. मुलगा पुण्याच्या कंपनीत, सून-नातू तिकडंच, दिराचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दिवसाकाठी चार शब्द होतात, तेही दुकानात, चहापत्ती द्या आणि साखर द्या. कुत्र्याशी बोलते, पण ते नुसतं ऐकून घेतं. म्हणून नातवाची अर्धी कोरी राहिलेली वही काढून लिहायला बसलेय. सातवी शिकलेय मी. लिहिताना शाळेतलं येतं, बोलताना घरचं येतं, तेवढं सांभाळून घ्या.

आमचं गाव माणच्या कोरड्या भागात. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर नुसती कुसळं. म्हणून आजा-पणज्यापासून मेंढरं. दसरा-दिवाळी झाली की कळप घेऊन आम्ही खाली सांगलीकडं, कृष्णाकाठाला उतरायचो. तिकडं पीक निघालेली रानं मोकळी असतात. शेतकरी दोन-चार रात्री मेंढरं आपल्या रानात बसवून घेतो, त्याच्या मातीला लेंडीखत मिळतं, आम्हाला चारा आणि पायलीभर धान्य. मग पुढचं रान. पुरुष मेंढरं चारत मागून येणार, आणि बाईनं घोडीवर सगळा संसार लादून पुढच्या रानात आधी पोचायचं, चूल मांडायची. चाळीस वर्षं मी हेच केलं. किती वेळा चूल मांडली आणि किती वेळा मोडली ते त्या घोडीलाच ठाऊक.

कुत्रं मेढ्याच्या डोंगरातलं. एका वर्षी आम्ही वाट वाकडी करून तिकडून गेलो होतो. एका वस्तीवर कुत्री मेलेली, तिच्या चार पिल्लांतलं हे एकच धुगधुगी धरून होतं. मालकांनी ते घोंगड्यात गुंडाळून आणलं आणि माझ्या ओटीत टाकलं. डोळे धड उघडलेले नव्हते. मी म्हणलं, आधीच कोकरांच्या मागं जीव जातोय, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना कशाला? ते म्हणाले, जगलं तर आपलं, मेलं तर देवाचं. एवढं बोलून ते मेंढरांकडं गेले. मग काय करणार? कापसाची वात शेळीच्या दुधात बुडवून पंधरा दिवस त्याच्या तोंडात पिळली. रात्री पोटाशी धरून झोपले. आणलं त्यांनी, पण जगवलं मी.

आणि मोठं झाल्यावर हे बेणं गेलं कुणाच्या मागं? त्यांच्या. मालक उठले की उठायचं, बसले की बसायचं, खोकले की कान टवकारायचं. तोंडात भाकरी असली तरी टाकून पळायचं. मी हाक मारली तर एक डोळा उघडून बघायचं आणि परत मिटायचं. पहिली भाकरी कुत्र्याला, मग मालकांना, मग दिराला, आणि तव्यावर शेवटी राहिलेली करपकी मला. मालक संध्याकाळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून तासभर बसायचे. माझ्याशी बोलायचं तर मीठ संपलं, पाणी संपलं, एवढंच. मला लय राग यायचा. मी एकदा म्हणलं, सवत आणली असती तरी चाललं असतं, तिच्याशी भांडता तरी आलं असतं. ते म्हणाले, सवत तुझ्याएवढंच बोलली असती, हे गप बसतंय.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेंढरांच्या राखणीच्या कुत्र्याला आमच्याकडं एक शिकवण असते. अंगावरचं घोंगडं जमिनीवर टाकायचं आणि 'राख' म्हणायचं. मग त्यानं तिथून हलायचं नाही. घोंगड्यापाशी जे असेल ते राखायचं, कोकरं असोत, भांडी असोत, धान्याचं पोतं असो. माणूस परत येऊन घोंगडं उचलेल तेव्हा त्याची सुटका. आणि ज्यानं टाकलं त्यानंच उचलायचं, हा नियम. दुसऱ्यानं उचललं तर कुत्रं बिघडतं म्हणतात. मग ते कुणाचंही ऐकतं आणि कुणाचंच राखत नाही. आमच्यात सख्खा भाऊ भावाचं टाकलेलं घोंगडं उचलत नाही.

एकदा मालक लोणंदच्या बाजारला नर घेऊन गेले आणि कालव्याच्या कडेला टाकलेलं घोंगडं विसरून गेले. बाजारात सौदा लांबला, मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर कुत्रं भुरभुर पावसात तसंच बसलेलं. मालक त्याच्या पाया पडले. खरंच वाकून पडले. माझ्या काही पाया पडायचं कारण नव्हतं, पण दोन गोड शब्द तरी कधी बोलले होते का? त्या दिवशी मी चिडून विचारलं, मी घोंगडं टाकलं तर राखेल का हे?

ते हसले. म्हणाले, "तुझं न्हाई ऐकायचं त्ये. तुझं मी तरी कुठं ऐकतो?"

मीही मग हट्टाला पेटले. म्हणलं, नाही ऐकत तर नाही, मला काय करायचंय? कधी टाकूनच बघितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळी नुकती झाली होती. माधवनगरच्या अलीकडं एका बागाईतदाराच्या रानात आमचा तळ होता. त्यांचं सोयाबीन निघालं होतं आणि तिथं उसाची लागण करायची होती. त्या दिवशी सकाळी तळ हलवायचा होता. दीर मेंढरं घेऊन पुढं गेला होता. मी भांडी, कोकरांचं डालगं, पीठ, अंथरुणं असा ढीग करून घोडीवर लादायच्या तयारीत होते. मालक मेंढरांभोवतीच्या जाळीच्या मेखा उपटत होते. बघते तर खाली बसलेले. मी पाठमोरीच म्हणलं, "बसायला आत्ताच वेळ गावला व्हय?"

 वळून बघितलं तर तोंड राखेसारखं, अंगाला घाम, आणि एक हात छातीवर. मी ओरडत बागाईतदाराच्या वस्तीकडं पळाले. माणूस भला. चहाचा कप तसाच टाकून त्यानं गाडी काढली आणि बांधापर्यंत आणली. मालकांच्या अंगावर घोंगडं होतं, घामानं जड झालेलं. मी ते ओढून काढलं, सामानाच्या ढिगावर टाकलं, कुत्र्याला म्हणलं, राख रं, आलेच मी, आणि गाडीत बसले. तोंडाला येईल ते बोलत होते मी त्या वेळी. घोडीला काय म्हणलं, कुत्र्याला काय म्हणलं, देवाला काय म्हणलं, पुढं कितीतरी दिवस काही आठवत नव्हतं. गाडी वळली तेव्हा मागं वळून बघायचंही सुचलं नाही.

सांगलीच्या दवाखान्यात मालक दोन दिवस होते. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी काही कमी केलं नाही. पण दुखणं मोठं होतं, आणि आमची माणसं छातीत दुखलं तरी हळद-दूध पिऊन कामाला लागतात. महिनाभर दुखत होतं म्हणे. मला सांगितलं नव्हतं. कुत्र्याला सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. मी वाकले. म्हणलं आता काहीतरी बोलतील. चाळीस वर्षांचा संसार, नुसतं नाव घेतलं असतं तरी मला पुरलं असतं.

ते म्हणाले, "कुत्रं?"

मी म्हणलं, "हाय. राखतंय."

त्यांनी डोळे मिटले. ते परत उघडले नाहीत. सकाळी नर्सबाईंनी माझा हात धरून मला बाजूला नेलं.

मला खरं सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलेय तर लिहिते. माणूस गेल्याचं दुःख नंतर आलं. आधी आला तो राग. शेवटचा शब्द कुत्र्यावर घालवला. तू जेवलीस का, नाही विचारलं. दोन दिवस मी चहाच्या पाण्यावर होते.

मुलगा पुण्याहून आला, गाडी केली, मालकांना गावाकडं न्यायचं ठरलं. गाडी माधवनगरवरूनच गेली. ते रान ज्या वाटेला होतं तो फाटा मला काचेतून दिसला. थांबवा म्हणावं असं एकदा मनात आलं. पण मेलेल्या माणसाला घेऊन कुत्र्यासाठी गाडी कशी थांबवायची? मी पदर तोंडावर घेतला आणि फाटा मागं गेला.

दीर दोन दिवसांनी मेंढरं आणि घोडी टेम्पोत घालून गावी आला. कुत्रं आलं नाही. दीर सांगत होता आणि ऐकणाऱ्या बायका डोळे पुसत होत्या. घरचा माणूस म्हणून कुत्र्यानं त्याला भांडी उचलू दिली, कोकरं उचलू दिली, सगळं उचलू दिलं. घोंगड्याला हात लावायला गेला तर दात काढले. तो मला म्हणाला, वैनी, दादाचं घोंगडं मी कसं उचलू, ते दादाची वाट बघतंय. सगळे म्हणाले, किती इमानी जनावर. मीही तेच म्हणलं. मनात मात्र टोचत होतं. मेल्यावरही ते त्यांचंच होतं, आणि इथं मी एकटी घोळक्यात बसले होते.

बागाईतदाराचा फोन यायचा, एक दिवसाआड. त्यांची बायको लांबून भाकरी टाकायची, मडक्यात पाणी ठेवायची. माणसं दूर गेली की कुत्रं चार घास खायचं आणि परत घोंगड्यावर. पण रान त्यांना अडवून ठेवता येत नव्हतं. सऱ्या सोडायच्या, बेणं लावायचं, मजूर येणार. एका बाईच्या लुगड्याला त्यानं धरलं होतं. मजुरांत कुणीतरी औषध घालायची भाषा करत होतं. बागाईतदार मला म्हणाला, "मावशी, मी हाय तवर कुणी हात लावणार न्हाई. पर मी काय रातध्याड रानात नसतो. त्याला न्यायचं बघा."

मी मुलाला म्हणलं, मला घेऊन चल. तो म्हणाला, आई, सुतक चाललंय. जमलेल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. तेराव्याच्या आत बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो, आणि तोही कुत्र्यासाठी? लोक तोंडात शेण घालतील. आणि मी, गावभर तोंडाळ म्हणून गाजलेली बाई, जिथं बोलायला पाहिजे होतं तिथं गप्प बसले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलानं त्याच्या परीनं एक उपाय काढला. त्याच्या मोबाईलमध्ये मालकांचा व्हिडिओ होता, जत्रेतला. त्यात ते मेंढरांना आणि कुत्र्याला हाळी देतात. तो त्यानं बागाईतदाराच्या सुनेला पाठवला. तिनं रानात जाऊन लांबून मोबाईल धरला, आवाज मोठा केला, आणि कुत्रं काय करतं त्याचा व्हिडिओ काढून परत पाठवला. घरातले सगळे मुलाच्या खांद्यावरून वाकून बघत होते. मला मध्ये बसवलं. मालकांची हाळी आली. माझ्याच अंगावर काटा आला. कुत्र्यानं मान वर केली, कान उभे केले, शेपटी दोनदा हलवली. मोबाईलकडं बघितलं. मग त्यानं मान वळवून वाटेकडं बघितलं, जिथून गाडी गेली होती त्या वाटेकडं, आणि हनुवटी परत घोंगड्यावर ठेवली.

सगळे म्हणाले, बघा, खोटा आवाज ओळखला त्यानं. मला मात्र नवल वाटलं. ज्या कुत्र्यानं नुसत्या खोकल्यावर तोंडातली भाकरी टाकली, ते हाळी ऐकून उठलं कसं नाही? पण तेवढ्यात कुणीतरी नवीन रडत आलं आणि ते मनातून गेलं.

दहाव्याला पिंड ठेवला. आम्हाला वाटलं कावळा तास-दोन तास थांबवणार, मग दीर काहीतरी कबूल करणार, मुलगा काहीतरी कबूल करणार. कुठलं काय. आम्ही मागं सरतोय तोवर कावळ्यानं घास उचलला. जन्मभर कधी वेळेवर जेवला नाही तो माणूस. लोकांना बरं वाटलं. म्हणाले, त्यांची काही इच्छा मागं राहिली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इच्छा राहिली नाही कशी? मग शेवटी विचारलं ते कुत्रं कुणाच्या नावावर ठेवून गेले? मी मनात म्हणलं, तुम्ही सुटला, आता मी बघते.

तेरावा झाला. मुलानं मेंढरं लोणंदला नेऊन विकली. मला विचारलं होतं त्यानं, आई, विकायची ना? पण गाडी दारात उभी करून विचारल्यावर नाही कोण म्हणणार? शिवाय माझ्या एकटीच्यानं ती कुठं वळवली असती? कोकरांची आणि त्यांच्या आयांची तोडातोड नको, एवढंच मी म्हणलं. मेंढरांचं वाडगं रिकामं झालं. वासाशिवाय काही उरलं नाही. मुलगा म्हणाला, पुढच्या रविवारी ओळखीच्या ढोरडॉक्टरला घेऊन जातो, इंजेक्शन देऊन कुत्र्याला झोपवून आणू. आणि तो पुण्याला गेला.

मी रविवारची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चार भाकरी बांधल्या आणि पहिल्या एसटीत बसले. शेजारणीला सांगितलं नाही, दिराला सांगितलं नाही. विट्यात गाडी बदलली, तासगाव मागं पडलं. एकटीनं एसटीत बसायची मला सवय नव्हती. हात सारखा शेजारी जायचा, घोडीचा दोर धरायला. त्या फाट्याला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

रान ओळखू येईना. सगळीकडं सऱ्या पडलेल्या, काळी माती उलथलेली. आणि त्या सगळ्याच्या मधे एका खाटेएवढा तुकडा तसाच पडीक, सोयाबीनच्या बुडख्यांचा. बागाईतदारानं ट्रॅक्टरवाल्याला तेवढं सोडायला सांगितलं होतं. त्या तुकड्यावर घोंगडं, आणि घोंगड्यावर कुत्रं. मी बांधावरच उभी राहिले. त्या माणसाचे उपकार मी कधी फेडणार?

तो म्हणाला, मावशी, जपून, लय चिडकं झालंय. मी म्हणलं, तुम्ही इथंच थांबा. आणि सऱ्या ओलांडत गेले.

सोळा दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. डोळ्यांना चिपडं. मी चार पावलांवर थांबले. खरं सांगते, भ्याले होते. त्यानं गुरगुर केली नाही, शेपटीही हलवली नाही. नुसतं बघत राहिलं. मी खाली मातीत बसले आणि सुरू केलं. म्हणलं, बघ बाबा, तुझा धनी गेला. आता येणार नाही. मी स्वतःच्या डोळ्यांनी सरणाला आग लागलेली बघितली. तू असा इथं बसून झिजून मेलास तरी तो काही येत नाही. मेंढरं विकली, जाळी माळ्यावर टाकली, राखायला आता काही उरलेलं नाही. ऊठ. भाकरी पुढं टाकली. त्यानं ती हुंगलीही नाही.

मग माझं डोकं फिरलं. मी उभी राहून अद्वातद्वा बोलले त्याला. दूध पाजलं मी, पोटाशी धरलं मी, आणि वाट बघायची ती त्यांचीच? मी मेले असते तर एक दिवस तरी बसला असतास का? कुत्र्याला बोलत होते का मालकांना, आता सांगता येत नाही. बागाईतदार बांधावरून ऐकत होता. ऐकू दे म्हणलं.

बोलून बोलून दमले. घसा सुकला. मनात म्हणलं, हे काही येत नाही. निदान त्यांचं घोंगडं तरी घरी न्यावं, चावलं तर चावलं. मी वाकले आणि घोंगड्याचा कोपरा धरला.

कुत्र्यानं दात काढले नाहीत. ते माझ्या हाताकडं बघत होतं. मी कोपरा ओढला तसं ते बाजूला सरलं. मी घोंगडं उचलून घेतलं, झटकलं, खांद्यावर टाकलं. कुत्रं उठलं. पुढचे पाय ताणून आळस दिला, अंग झाडलं, आणि येऊन माझ्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागं, उभं राहिलं. मालकांच्या मागं उभं राहायचं तसं.

मी तशीच उभी. आणि मग एकेक आठवायला लागलं. घोंगडं अंगावरून कुणी ओढलं? मी. ढिगावर कुणी टाकलं? मी. राख कुणी म्हणलं, आणि आलेच मी असं कुणी सांगितलं? मालक तर त्या वेळी बोलतही नव्हते. म्हणून ते हाळी ऐकून उठलं नाही. हाळी मालकांची होती, पण घोंगडं माझं होतं. दीर, मुलगा, गाव, सगळे म्हणत होते ते दादाची वाट बघतंय, आणि मीही मान डोलावत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सोळा दिवस ते माझी वाट बघत होतं.

मी त्या सरीत बसले आणि रडले. तेरा दिवस बायका गळ्यात पडून रडवत होत्या तेव्हा आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. मालकांसाठी रडले, पाठमोरी बोलले त्यासाठी रडले, आणि ह्या मुक्या जिवाला आलेच म्हणून सोळा दिवस बसवलं त्यासाठी रडले. कुत्रं तोवर भाकरी खात होतं. चारही खाल्ल्या.

कंडक्टर काही कुत्र्याला गाडीत घेईना. मी म्हणलं, राहू दे तुझी गाडी. चालत निघालो. ओळखीची वाट, चाळीस वर्षांची. वाटेतले शेतकरी ओळखायचे, मेंढरं कुठं म्हणून विचारायचे, मग माझं कपाळ बघून गप्प व्हायचे आणि ओसरीवर अंथरूण टाकून द्यायचे. मेंढरांशिवाय त्या वाटेनं मी कधी चालले नव्हते. दर मैलाला मागं वळून बघायचे, काही मागं राहिलं का म्हणून. मागं राहायला काही नव्हतंच. पाचव्या दिवशी गावात पोचलो. दीर भांडला, मुलगा फोनवर भांडला. भांडू दिलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. मुलगा म्हणतो, पुण्याला ये. चौथ्या मजल्यावर घर आहे, तिथं कुत्रं चालत नाही. मग मीही चालत नाही म्हणलं. एकटं वाटतं का? वाटतं. लय वाटतं. दिवाळी झाली की पाय आपोआप खालच्या अंगाला वळतात आणि दारातूनच परत फिरतात. कुत्र्याचंही तसंच होतं. ते वेशीपर्यंत जाऊन येतं. संध्याकाळी मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसते. मालक का बसायचे ते आता कळतंय. सांगायला उशीर झाला.

घोंगडं खुंटीला असतं. थंडीत पांघरते, पण उठले की आधी परत खुंटीला. गेल्या महिन्यात बाजारात मला चक्कर आली, डोळ्यांपुढं अंधारी. डॉक्टर म्हणाले, एकट्या राहू नका. म्हणलं, बरं. चार दिवसांनी जोराचा वारा सुटला. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. धप्प आवाज झाला. बघते तर घोंगडं खुंटीवरून जमिनीवर पडलेलं, आणि कुत्रं, आता म्हातारं झालंय, सांधे दुखतात त्याचे, ते अंगणातून उठून आत आलं आणि घोंगड्यापाशी जाऊन बसलं. राख म्हणायचीही वाट बघितली नाही. माझ्याकडं बघत होतं.

पिठाचे हात तसेच घेऊन मी धावले आणि घोंगडं उचललं.  घोंगडं खाली असताना मला काही झालं तर उचलायचं कुणी? दीर उचलणार नाही, आणि मुलगा उचलायला गेला तर कुत्रं दात काढणार.

आता ते मी खुंटीला सुतळीनं बांधून ठेवते.